आलेच ग्लेशियर: जायच्या आधी सगळे जे विचारतात ते

मी बर्नला राहते, त्यामुळे मे महिना लागला की पुण्या-मुंबईहून नातेवाईक, मैत्रिणी, मैत्रिणींच्या नणंदा असे सगळ्यांचे मेसेज सुरू होतात, की आम्ही स्वित्झर्लंडला येतोय, बर्फ कुठे बघायचा. दर वेळी व्हॉइस नोट पाठवून पाठवून शेवटी ठरवलं की एकदाच सगळं लिहून टाकावं. आलेचला मी गेल्या काही वर्षांत सातेक वेळा गेलेय, एकदा आई-बाबांना घेऊनही, आणि माझा ह्या जागेवर खूप जीव आहे हे आधीच सांगते.

हे आलेच नेमकं आहे कुठे?

स्वित्झर्लंडच्या दक्षिणेला, वालिस नावाच्या कँटनमध्ये. युंगफ्राऊ (४१५८ मीटर), म्योंख, आयगर ही शिखरं इंटरलाकेनकडून दिसतात ना, त्यांच्या पाठीमागे. म्हणजे आपण सगळे त्या डोंगरांचं तोंड बघून परत येतो आणि पाठीमागे आल्प्समधली सगळ्यात मोठी हिमनदी पसरलेली असते. २००१ मध्ये युनेस्कोने हा सगळा भाग जागतिक वारसा म्हणून जाहीर केला आणि २००७ मध्ये त्याची हद्द वाढवली, आता ते क्षेत्र ८२४ चौरस किलोमीटर आहे.

ग्लेशियर म्हणजे बर्फाचा डोंगरच ना?

नाही, आणि हा गैरसमज आधी दूर करा कारण मग बघायची मजाच वेगळी होते. डोंगर दगडाचाच असतो, ग्लेशियर म्हणजे त्या डोंगरांमधून वाहणारी बर्फाची नदी. वर जिथे उन्हाळ्यातसुद्धा सगळा बर्फ वितळत नाही तिथे वर्षानुवर्षं थर साचत जातात, खालचा भुसभुशीत बर्फ दाबला जातो, त्यातली हवा निघून जाते, आधी त्याचे साखरेसारखे दाणे होतात (ह्याला इथे फिर्न म्हणतात, नकाशावर शिखरांजवळ हा शब्द सारखा दिसेल) आणि मग घट्ट हिम बनतं. एवढा जाड थर झाला की स्वतःच्याच वजनाने तो उताराकडे सरकायला लागतो, थोडा आतल्या आत वाकून आणि थोडा तळाच्या पाण्यावरून घसरून.

डोळ्यांना हे सरकणं दिसत नाही. पण वरच्या भागात ते वर्षाला दीडशे ते दोनशे मीटर आहे, म्हणजे दिवसाला साधारण अर्धा मीटर, आणि खाली येईपर्यंत वेग बराच कमी होतो. सरासरी शंभर मीटर धरलं आणि लांबी वीस किलोमीटर, तर वर पडलेला बर्फ टोकाला पोचायला ढोबळ हिशोबाने दोनशे वर्षं लागतात. म्हणजे खालच्या टोकाला आज जो वितळतोय तो पेशवाई बुडाली त्या सुमारास पडलेला बर्फ असू शकतो. हा हिशोब मी पहिल्यांदा केला तेव्हा रेलिंगला धरून बराच वेळ नुसती उभी राहिले होते.

किती मोठं आहे?

लांबी साधारण २० किलोमीटर. मुंबईकरांसाठी सांगायचं तर सीएसएमटीहून निघालात की जवळजवळ घाटकोपर. १८५० च्या सुमाराला ते विक्रोळीपर्यंत होतं, म्हणजे २३ किलोमीटर. क्षेत्रफळ सुमारे ८० चौरस किलोमीटर. वरती कॉन्कॉर्डियाप्लात्स म्हणून एक प्रचंड सपाट जागा आहे तिथे बर्फाची जाडी ८०० मीटरच्या वर आहे. आपलं कळसूबाई समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर, त्याच्या निम्म्या उंचीएवढा नुसता बर्फ. सगळा मिळून सुमारे १० अब्ज टन. जगातल्या प्रत्येक माणसाला त्यातून रोज एक लिटर पाणी दिलं तरी तीन वर्षांहून जास्त पुरेल.

फोटोत मधोमध दोन काळे पट्टे दिसतात ते काय? कुणी रस्ता केलाय का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि माझा सगळ्यात आवडता.

कॉन्कॉर्डियाप्लात्सला वरून तीन मोठे हिमप्रवाह येऊन मिळतात: ग्रोसर आलेचफिर्न, युंगफ्राउफिर्न आणि एविगश्नेफेल्ड (ह्या शेवटच्या नावाचा अर्थ कायम बर्फ असलेलं शेत). प्रत्येक हिमप्रवाह दोन्ही बाजूंच्या कड्यांवरून पडलेले दगडगोटे आपल्या कडेने वाहून आणत असतो. दोन प्रवाह जिथे एकत्र येतात तिथे ह्याची उजवी कड आणि त्याची डावी कड चिकटते आणि तो दगडांचा पट्टा आता नदीच्या मध्यभागी येतो. तीन प्रवाह, म्हणून दोन पट्टे. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर भेटतात आणि थोड्याच अंतरात पाणी एकजीव होऊन जातं, पण बर्फ मिसळत नाही, त्यामुळे इथला संगम खाली कित्येक किलोमीटरपर्यंत रेष ओढल्यासारखा दिसत राहतो. वळणावर ते पट्टेसुद्धा एकमेकांना न सोडता वळतात.

माझ्या बाबांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. हिमोढ (बर्फाने वाहून आणलेल्या दगडगोट्यांची रास), हिमगव्हर (बर्फाने कोरलेला वाडग्यासारखा खळगा), गिरिशृंग (चहूबाजूंनी कोरलं जाऊन उरलेलं टोकदार शिखर), लोंबती दरी, मेषशिला (ह्या दोन्ही पुढे येतील) हे शब्द त्यांनी किती मुलांकडून पाठ करून घेतले असतील त्याची गणती नाही, आणि स्वतः हिमनदी कधी बघितलेली नव्हती. मोसफ्लूला (ग्लेशियर बघायची एक जागा, तिच्याबद्दल पुढे सांगते) केबलकारच्या केबिनमधून उतरून ते कड्यापर्यंत गेले, बराच वेळ काहीच बोलले नाहीत, आणि मग हवेत बोटाने फळ्यावर काढावी तशी आकृती काढायला लागले. हा मध्य हिमोढ, हा पार्श्व हिमोढ, ते बघ वर गिरिशृंग, ते हिमगव्हर. आई म्हणाली अहो डोळे पुसा आधी.

आम्ही टूरबरोबर युंगफ्राउयोखला जाऊन आलोय, म्हणजे ग्लेशियर बघून झालंच ना?

अर्धं झालं. टॉप ऑफ युरोप म्हणून जिथे नेतात ते स्टेशन ३४५४ मीटरवर आहे आणि तिथल्या स्फिंक्स टेरेसवरून दक्षिणेला जो पांढराशुभ्र उतार खाली जाताना दिसतो तोच आलेचचा वरचा भाग, तिथून ही नदी सुरू होते. रेल्वेचं कामही थक्क करणारं आहे, अडॉल्फ गायर-त्सेलर ह्या उद्योजकाने १८९६ मध्ये काम सुरू केलं, तो १८९९ मध्ये वारला, आणि आयगर-म्योंखच्या पोटातून सात किलोमीटर बोगदा खणून १ ऑगस्ट १९१२ ला गाडी वर पोचली. त्या खर्चाचं वाईट वाटून घेऊ नका, ती जागा मोठीच आहे.

पण होतं काय की टूरवाल्यांकडे वर दोन-अडीच तास असतात, त्यातला एक तास आइस पॅलेस आणि दुकानांत, अर्धा तास बर्फात खेळण्यात, आणि मग जेवण. माझ्या मावशीला परत आल्यावर विचारलं ग्लेशियर कसं वाटलं, तर ती म्हणाली ग्लेशियर कुठे होतं, बर्फ होता. तिची चूक नाही, कुणी सांगितलंच नाही तिला. वर सगळंच पांढरं असतं त्यामुळे नदी कुठली आणि डोंगर कुठला कळत नाही. नदी म्हणून बघायचं असेल तर खालच्या, वालिसच्या बाजूने जावं लागतं, आणि तिकडे आपली माणसं अगदीच कमी दिसतात.

मग वालिसच्या बाजूने कुठून बघायचं?

तीन मुख्य जागा आहेत, तिन्ही ठिकाणी केबलकारने जाता येतं.

एगिसहॉर्न: सगळ्यात उंच, स्टेशन २८६९ मीटरवर. इथून नदीचं मोठं वळण, वर कॉन्कॉर्डियाप्लात्सपर्यंतचा सगळा पसारा आणि मागे युंगफ्राऊ-म्योंख-आयगर, तर दुसऱ्या बाजूला हवा स्वच्छ असेल तर मॅटरहॉर्नसुद्धा. एकच जागा बघणार असाल तर ही.

बेटमरहॉर्न: जरा खाली, बर्फाच्या जास्त जवळ.

मोसफ्लू: २३३३ मीटर, सगळ्यात सोपी, खाली लगेच जंगल सुरू होतं. आम्ही आई-बाबांना इथेच नेलं. सकाळी ऊन मागून येतं आणि भेगा ठळक दिसतात.

नुसते फोटो हवे असतील तर एगिसहॉर्न, शांत बसायचं असेल तर मोसफ्लू, असं मी सगळ्यांना सांगते.

जायचं कसं?

बर्नहून ब्रिगपर्यंत थेट ट्रेन आहे, २००७ मध्ये सुरू झालेल्या लोट्शबर्गच्या खालच्या बोगद्यातून, तास-सव्वा तासात पोचता. इंटरलाकेनहून येत असाल तर स्पीट्सला गाडी बदला. ब्रिगला स्टेशनच्या बाहेरच छोटी लाल गाडी उभी असते, मॅटरहॉर्न गोटहार्ड बान, तिने मेरेल, बेटन किंवा फीशला उतरायचं. एगिसहॉर्नसाठी फीश, बेटमरहॉर्नसाठी बेटन, मोसफ्लूसाठी मेरेल. केबलकार रेल्वे स्टेशनला लागूनच आहेत, शोधावं लागत नाही.

स्वतःची गाडी असेल तरी ती खाली ठेवायची. वरची रीडरआल्प आणि बेटमरआल्प ही गावं गाड्यांशिवायची आहेत, लोक सामान छोट्या इलेक्ट्रिक गाड्यांवर नेतात आणि थंडीत स्लेजवर. पहिल्यांदा गेलात तर त्या शांततेनेच थोडं चमकायला होतं.

कधी जावं?

जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरात ग्लेशियरवरचा ताजा बर्फ गेलेला असतो, त्यामुळे भेगा, निळा रंग, काळे पट्टे सगळं उघडं दिसतं. फेब्रुवारीत सगळं झाकलेलं असतं, सुंदर असतं पण नदी समजत नाही. एप्रिलचा शेवट ते जूनची सुरुवात आणि नोव्हेंबर ह्या काळात बऱ्याच केबलकार बंद असतात, आणि आपल्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या नेमक्या मे मध्ये असतात, तेव्हा तिकीट काढायच्या आधी वेळापत्रक बघाच.

आणि सकाळी निघायच्या आधी वेबकॅम बघा. प्रत्येक पॉइंटला आहेत. आम्ही एकदा न बघता गेलो आणि दिवसभर ढगात बसून चहा पिऊन परत आलो.

एका दिवसात होईल का?

होईल, बर्न किंवा इंटरलाकेनहून आरामात. पण एक रात्र राहिलात तर संध्याकाळची शेवटची केबलकार खाली गेल्यावर जे काही उरतं ते तुमचं एकट्याचं असतं. गाईंच्या गळ्यातल्या घंटा तेवढ्या वाजत असतात.

घंटांवरून आठवलं, रीडरआल्पजवळच रीडरफुर्काला व्हिला कासेल म्हणून एक जुना मोठा बंगला आहे, एर्नेस्ट कासेल नावाच्या ब्रिटिश बँकरने १९०० च्या सुमाराला बांधलेला. तिथे तरुणपणी विन्स्टन चर्चिल येऊन राहायचे आणि त्यांना लिहिताना घंटांचा त्रास व्हायचा म्हणून गाईंच्या घंटांमध्ये गवत कोंबायला लावलं, असं तिथे सांगतात. आता तिथे निसर्ग संरक्षणवाल्यांचं केंद्र आहे, छोटं पण मन लावून केलेलं प्रदर्शन आहे, चुकवू नका.

आई-बाबा सत्तरीचे आहेत, झेपेल का?

मोसफ्लू झेपेल. युंगफ्राउयोख ३४५४ मीटर, म्हणजे दोन कळसूबाई एकमेकांवर ठेवले तरी थोडी उंची उरेल, आणि तिथे माणूस दोन-तीन तासांत पोचतो, शरीराला सवय करायला वेळच मिळत नाही. माझ्या आईला तिथे गरगरलं होतं, बसवलं, पाणी दिलं, आणि पुढच्या गाडीने खाली आणलं, खाली येताच बरं वाटलं. वर गेल्यावर धावपळ करायची नाही, सावकाश चालायचं, पाणी पीत राहायचं. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, व्हॉट्सअॅपवर मला नको.

ग्लेशियरवर चालता येतं का?

गाईडबरोबर येतं, एकट्याने अजिबात नाही. कडेला उभं राहून बघितलं की वाटतं हे तर सपाट आहे, चार पावलं टाकून येऊ. पण त्यात भेगा असतात, काही वीस-तीस मीटर खोल, आणि वरच्या भागात त्यांच्यावर बर्फाचं पातळ झाकण असतं त्यामुळे दिसतच नाहीत. उन्हाळ्यात गाईड दोरीने सगळ्यांना एकमेकांशी बांधून नेतात, बुटांना खिळ्यांचे क्रॅम्पॉन लावतात. दोन दिवसांची टूर असते ती युंगफ्राउयोखहून निघून कॉन्कॉर्डिया हटमध्ये मुक्काम करून दुसऱ्या दिवशी फीशच्या बाजूला उतरते. ती मी केलीय आणि मला सह्याद्रीतल्या ट्रेक्सची सवय होती तरी पहिला तास पाय लटपटत होते.

त्या हटबद्दल सांगायलाच हवं. १८७७ मध्ये पहिली हट बांधली तेव्हा ती बर्फापासून थोडीशीच वर होती. आता बर्फ इतका खाली गेलाय की कड्याला लोखंडी जिने लावलेत, साडेचारशेच्या आसपास पायऱ्या आहेत, आणि बर्फ उतरत जातो तसे खाली नवीन जिने जोडावे लागतात. दिवसभर चालून आल्यावर त्या पायऱ्या चढताना प्रत्येक टप्प्याला कळत जातं की इथपर्यंत बर्फ होता, इथपर्यंत होता.

आणि बर्फ जे घेतो ते कधीकधी परत देतो. पलीकडच्या लोट्शेनटाल खोऱ्यातले तीन भाऊ १९२६ मध्ये ह्या ग्लेशियरवर गेले ते परतलेच नाहीत. २०१२ मध्ये त्यांचे अवशेष बर्फातून वर आले. शहाऐंशी वर्षं. म्हणून म्हणते, गाईडशिवाय नाही.

बर्फ निळा का दिसतो?

घट्ट बर्फात हवेचे बुडबुडे कमी असतात, प्रकाश खोल आत जातो आणि लाल रंग आत शोषला जातो, निळा बाहेर येतो. बुडबुडे जास्त असतील तर पांढरा.

आजूबाजूचे डोंगर आपल्यापेक्षा इतके वेगळे का वाटतात?

सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला आहे, म्हणून आपले कडे आडव्या पट्ट्यांचे आणि माथे सपाट. इथला दगड ग्रॅनाइट आणि नाइस (gneiss) ह्या जातींचा, जमिनीखाली खोलवर तयार होऊन वर उचलला गेलेला, आणि मग लाखो वर्षं बर्फाने कोरलेला. पाण्याने कोरलेली दरी आपल्याकडे इंग्रजी व्ही अक्षरासारखी असते, बर्फाची यू सारखी, रुंद तळ आणि उभ्या भिंती. बाजूच्या छोट्या हिमनद्या एवढं खोल कोरू शकत नाहीत म्हणून त्यांच्या दऱ्या मुख्य दरीच्या वर लटकत राहतात, त्याच लोंबत्या दऱ्या.

पायाखालचे दगडही बघा. ग्लेशियरच्या कडेला गुळगुळीत, मेंढीच्या पाठीसारखे गोल खडक (त्याच बाबांच्या मेषशिला) आहेत आणि त्यांच्यावर समांतर ओरखडे. बर्फाच्या तळाशी अडकलेल्या दगडांनी ते काढलेत. हात फिरवला की पॉलिश केलेल्या फरशीसारखे लागतात.

जंगल बघण्यासारखं आहे का?

आलेचवाल्ड. हो, हो आणि हो. १९३३ पासून संरक्षित आहे, त्याआधी लोक लाकूड तोडायचे आणि गुरं चारायचे. आरोला पाईन आणि लार्च ही मुख्य झाडं, काही पाईन शेकडो वर्षांचे, बुंधे पिळवटलेले, वीज पडून अर्धे जळालेले आणि तरी हिरवे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला लार्च सोनेरी होतात आणि मागे पांढरी नदी.

आरोला पाईनचं बी जड असतं, वाऱ्याने उडत नाही. नटक्रॅकर म्हणून एक ठिपक्याठिपक्यांचा पक्षी आहे तो थंडीसाठी हजारो बिया जमिनीत पुरून ठेवतो, बहुतेक सापडतात त्याला परत, जे विसरतो त्याची झाडं होतात. जवळजवळ सगळं जंगल ह्या पक्ष्याने लावलंय म्हणायला हरकत नाही.

जंगलाच्या खाली आणि बर्फाच्या वर एक फिकट पट्टा दिसतो, जुनी झाडं नसलेला. १८५०-६० पर्यंत तिथे बर्फ होता. आता तिथे आधी शेवाळ, मग झुडपं, मग कोवळे लार्च असं करत जंगल खाली उतरतंय. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिथल्या उतारांवर गुलाबी आल्पेनरोझ फुलतो, आपल्या हिमालयातल्या बुरांशच्या कुटुंबातलाच.

प्राणी दिसतात का?

मार्मोट (मोठ्या खारीसारखा प्राणी) नक्की, आधी शिट्टी ऐकू येते मग दिसतो. शामवा आणि आयबेक्स हे डोंगरी बकऱ्यांसारखे प्राणी नशिबाने. काळ्या तोंडाच्या केसाळ मेंढ्या मात्र दिसतीलच, ती वालिसची खास जात आहे आणि मुलं तिथून हलत नाहीत.

जुन्या पुस्तकात ग्लेशियरच्या काठी हिमनगांचं तळं दिसतं, ते कुठे आहे?

मेरयेलनचं तळं. आधी ग्लेशियर इतकं उंच होतं की बाजूच्या दरीचं तोंडच बंद व्हायचं आणि मागे पाणी साठून मोठा तलाव व्हायचा, त्यात बर्फाचे डोंगर तरंगायचे. पाणी बर्फाखालून वाट काढून एकदम फुटलं की खाली नाटर्स गावापर्यंत पूर यायचा, १८७८ चा पूर तर मोठाच होता. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथलं पाणी दुसऱ्या बाजूला काढायला बोगदा खणला. आणि मग ग्लेशियरच खाली गेलं, बांध उरला नाही, तळं आटून छोटी डबकी राहिली. फीशरआल्पहून तिथे जायला सोपी वाट आहे, वाटेत साधारण एक किलोमीटरचा चालत जायचा बोगदा लागतो, मुलांना खूप आवडतो.

ह्या बर्फाचं पाणी जातं कुठे?

टोकाशी मासा नावाची नदी सुरू होते. खोल घळीतून गेबिडेम धरणात, तिथून वीज तयार करून ब्रिगजवळ ऱ्होनला, मग जिनिव्हाचं सरोवर, मग फ्रान्स आणि भूमध्य समुद्र. त्या घळीवर २००८ पासून १२४ मीटर लांबीचा झुलता पूल आहे, रीडरआल्प आणि बेलाल्पला जोडणारा, ८० मीटर खाली मासा गर्जत असते.

वालिस हा स्वित्झर्लंडचा कोरडा प्रदेश आहे हे कळल्यावर मला नवल वाटलं होतं. डोंगर ढग अडवतात म्हणून दरीत पाऊस कमी, अगदी आपल्या घाटमाथ्यापलीकडच्या भागासारखं. म्हणून इथल्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी कड्यांतून पाट काढले, त्यांना सुओनन म्हणतात, कुठेकुठे लाकडी पन्हाळी कड्याला टांगून. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असायच्या, कुणाची कधी ते लाकडी काठ्यांवर खुणा करून लिहिलेलं असायचं. माझे आजोबा फलटणकडचे, पाटाच्या पाळीसाठी रात्री कंदील घेऊन जायचे, त्यांना हे सगळं एका वाक्यात कळलं असतं.

गावकऱ्यांनी ग्लेशियरसाठी नवस केला होता हे खरं आहे का?

खरं आहे. १६७८ मध्ये फीश आणि फीशरटालच्या लोकांनी नवस बोलला होता, की आम्ही सदाचाराने वागू पण हे ग्लेशियर वाढत येतंय ते थांबू दे. त्या काळात थंडी वाढली होती, बर्फ कुरणांवर चाल करून येत होता, पूर येत होते. पुढे १८६२ पासून दर वर्षी मिरवणूक काढून प्रार्थना सुरू झाली.

आणि प्रार्थना फळाला आली, जरा जास्तच. २००९ मध्ये त्याच गावकऱ्यांनी पोपकडे परवानगी मागितली की आमचा नवस उलटा करू द्या, आता आम्हाला ग्लेशियर वितळू नये म्हणून प्रार्थना करायचीय. आणि ती मिळाली. ज्याला तीनशे वर्षं घाबरलो त्याच्यासाठीच हात जोडायचे, हे मला आलेचबद्दल वाचलेल्या कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त लागलं.

खरंच इतकं वितळतंय का? किती दिवस राहील?

हो. १८५० पासून लांबी तीन किलोमीटरहून जास्त घटलीय आणि खालच्या भागात जाडी दोनशेहून जास्त मीटरने. २०२२ ह्या एकाच वर्षात सगळ्या स्विस ग्लेशियर्सचा मिळून ६ टक्के बर्फ गेला आणि २०२३ मध्ये आणखी ४, म्हणजे दोन वर्षांत दहावा हिस्सा. थंडीत बर्फ कमी पडला, वर सहाराची धूळ येऊन बसली त्यामुळे ऊन जास्त शोषलं गेलं, आणि उन्हाळा तापला.

२०१९ मध्ये झ्युरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी आलेचचं गणित मांडलं. तापमानवाढ दोन अंशांच्या आत रोखली तरी २१०० पर्यंत निम्म्याहून जास्त बर्फ जाईल, आणि काहीच केलं नाही तर बर्फाचे एक-दोन तुकडे उरतील. कारण हवा आजच्या बर्फाला मानवेल त्याच्यापुढे गेलीय, एवढं मोठं ग्लेशियर फक्त ते दाखवायला उशीर लावतंय. माझी मुलगी सात वर्षांची आहे. तिच्या नातवंडांना ही नदी कॉन्कॉर्डियापासून वळण घेत येताना दिसेल का, हा प्रश्न मी तिथे गेले की दर वेळी मनात येतो.

पांढरं कापड टाकून वाचवतात ना? व्हिडिओ बघितला होता.

तो ऱ्होन ग्लेशियरचा असणार, फुर्का घाटाजवळचा. तिथे बर्फातली गुहा टिकावी म्हणून तेवढ्या भागावर चादरी घालतात, त्याने त्या तुकड्यापुरतं वितळणं बरंच कमी होतं. पण ८० चौरस किलोमीटरवर कोण चादर घालणार.

तिथे जाणं धोक्याचं झालंय का?

चालू असलेल्या वाटांवर नाही, पण बंद म्हणून पाटी असेल तर ती गंभीरपणे घ्या. दरीच्या भिंतींना आधी बर्फाचा टेकू होता, तो गेला की उतार सैल होतात. मोसफ्लूच्या खालचा मोठा उतार २०१६ च्या पानगळीत एकदम वेगाने सरकायला लागला, जमिनीला मोठमोठ्या भेगा पडल्या आणि काही वाटा बंद कराव्या लागल्या. वरचं केबलकार स्टेशन मात्र आधीच, जमीन हलली तर सरकवता येईल अशा रचनेचं बांधलेलं होतं.

आणि २८ मे २०२५ ला लोट्शेनटालमध्ये काय झालं ते तुम्ही बातम्यांत बघितलं असेल. बिर्च ग्लेशियर कोसळलं आणि ब्लाटन गावाचा बहुतेक भाग गाडला गेला. डोंगरावर नजर ठेवून असलेल्या लोकांनी आधीच तीनशे गावकरी हलवले होते म्हणून एवढी माणसं वाचली. घरं, चर्च, पिढ्यांची कुरणं गेली. ते खोरं आलेचच्या वरच्या खिंडीपलीकडेच आहे.

आपल्याकडे हिमालयात ह्यापेक्षा मोठी आहेत की, मग इतक्या लांब कशाला?

आहेतच. गंगोत्री ३० किलोमीटर, सियाचीन तर ७५ च्या आसपास. पिंडारीला आपले कितीतरी ट्रेकर जातात, जरूर जा. पण तिकडे पोचायला दिवसेंदिवस चालावं लागतं, इथे सत्तर वर्षांची आजी नातवाचा हात धरून वरून सगळी नदी बघू शकते, एवढाच फरक.

शाकाहारी जेवण मिळेल का?

युंगफ्राउयोखला तर भारतीय जेवणही मिळतं. वालिसच्या बाजूला राक्लेट आहे, वितळलेलं चीज आणि उकडलेले बटाटे. तिथला एक भाजलेला पाय (pie) आहे, बटाटा, लीक, सफरचंद, चीज घातलेला, त्याचं नाव कॉलेरा! घाबरू नका, मागवा, फक्त काही ठिकाणी त्यात बेकन घालतात तेवढं विचारून घ्या. आणि राईचा काळा पाव. मी घरून थेपले नेतेच.

काय काय न्यायचं?

गॉगल, सनस्क्रीन (बर्फावरून ऊन परत येतं, हनुवटीखालीसुद्धा जळतं), विंडचीटर, ऑगस्ट असला तरी स्वेटर, चांगली पकड असलेले बूट, पाण्याची बाटली. गावांतल्या नळांचं आणि हौदांचं पाणी पिण्याजोगं असतं, नसेल तिथे पाटी असते. दुर्बीण असेल तर न्याच, भेगांमधला निळा रंग तिनेच नीट दिसतो.

शेवटची केबलकार चुकली तर?

वेळ स्टेशनच्या दारावरच लिहिलेली असते, वर पोचल्या पोचल्या फोटो काढून ठेवा. मोसफ्लूहून चुकली तर रीडरआल्पपर्यंत तासाभराची उताराची वाट आहे, उजेड असेपर्यंत अवघड नाही. बाबांनी ती मुद्दाम चुकवली होती. आई आणि मी पुढे चालत होतो आणि ते दर दहा पावलांवर मागे वळून उभे राहत होते, शेवटी आईने वाटेतल्या बाकावर बसून थर्मासमधला चहा काढला आणि म्हणाली, बघून घे म्हणावं त्यांना पोटभर, आम्ही थांबतो.